जुनी नाणी व नवे संग्राहक

जुनी नाणी जमविण्याचा छंद आपल्या सुशिक्षित कुटुंबांत अलीकडे बराच फोफावला आहे. शहरोशहरी नाण्यांची प्रदर्शने भरतात, लिलाव होतात, आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर बोट फिरविले की दोन हजार वर्षांपूर्वीचे नाणे चार दिवसांत दाराशी येऊन पडते. इतिहासाची ही आवड पाहून आम्हांस वस्तुतः आनंदच व्हावयास हवा, व काही अंशी तो होतोही. परंतु या छंदाचा आरंभ ज्या रीतीने केला जातो ती रीत इतकी उफराटी आहे की, तिच्या योगाने इतिहासाची सेवा घडण्याऐवजी हानीच अधिक होत आहे, असे आम्हांस स्पष्ट म्हणावे लागते. हे म्हणणे आमच्या कित्येक स्नेह्यांस रुचणार नाही. तथापि रुचेल तेवढेच लिहावे असा काही दंडक नाही, आणि या बाबतीत उगी राहणे आम्हांस अप्रामाणिकपणाचे वाटते.

गेल्या दिवाळीत आम्ही एका जुन्या स्नेह्यांच्या घरी फराळास गेलो होतो. त्यांचे चौदा वर्षांचे चिरंजीव मोठे चौकस. आमचा नाण्यांचा नाद त्यांस ठाऊक असल्यामुळे त्यांनी मोठ्या उत्साहाने आपला संग्रह आमच्यापुढे आणून ठेवला. प्लास्टिकच्या पाकिटांत बत्तीस नाणी होती आणि प्रत्येकाखाली सुवाच्य अक्षरांत ‘सातवाहन, हत्ती’, ‘क्षत्रप, राजाचे मस्तक’ अशा चिठ्ठ्या होत्या. सर्व नाणी आरशासारखी लखलखीत. तांब्याची चिंचेने आणि चांदीची राखेने घासली होती, हे सांगावयास ज्योतिषी नको होता. ब्राह्मी अक्षरे जेथे असावयाची तेथे नुसता गुळगुळीत पत्रा उरला होता. आम्ही एका नाण्याकडे बोट दाखवून विचारले, “बाळ, हे कोठे सापडले?” तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, “काका, ते कुरियरने आले.” त्याचे वडील हसून म्हणाले, “ते असू द्या हो. आज विकायला काढली तर काय येईल, तेवढे सांगा.”

आमच्या मते सारा रोग या दोन उत्तरांत आला. त्यात मुलाचा दोष काडीचाही नाही. नाणे हे विकत घेण्याच्या वस्तूपलीकडे काही असते, असे त्यास कोणी सांगितलेच नव्हते.

नाणे म्हणजे केवळ धातूचा तुकडा नव्हे, ही गोष्ट सर्वांनाच मान्य आहे. पण नाणे म्हणजे केवळ नाणेही नव्हे, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानात येते. एकटे नाणे म्हणजे पोथीतून फाडलेले एक पान होय. त्यावर एखाद्या राजाचे नाव वाचता येईल, नाही असे नाही. परंतु ते कोणत्या गावी निघाले, त्याच्या शेजारी दुसरी कोणती नाणी होती, किती होती, कोणती झिजलेली आणि कोणती कोरी होती, एवढे कळले तरच ती पोथी वाचता येते. बाजारात नाणे येते तेव्हा नेमकी हीच माहिती मागे राहते. सोन्याचांदीची किंमत पुन्हा भरून काढता येते, ही किंमत येत नाही.

याचे उदाहरण शोधण्यास दूर जावयास नको. 1906 साली नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा निघाला. त्यात 13,250 च्या आसपास नाणी होती, आणि ती सर्व क्षहरात क्षत्रप नहपान याची होती. एका अंगास राजाचे मस्तक, दुसऱ्या अंगास बाण व वज्र, आणि भोवती ग्रीक, ब्राह्मी व खरोष्ठी अशा तीन लिप्यांतील लेख, असे त्यांचे रूप. सुदैवाने हा ठेवा विखुरला जाण्यापूर्वी रेव्हरंड स्कॉट यांनी तो बारकाईने तपासला व 1908 साली रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. तेव्हा असे दिसून आले की, यांपैकी सुमारे 9,270 नाण्यांवर, म्हणजे दर दहांतील सातांवर, गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या मुखावरच तीन कमानींचा डोंगर आणि ‘राञो गोतमिपुतस सिरि सातकणिस’ ही अक्षरे उमटविली आहेत, व उलट बाजूस चार वर्तुळे जोडलेले चिन्ह आहे.

याचा अर्थ काय होतो तो पाहा. नाशिकच्या लेण्यांत गौतमी बलश्री हिचा लेख आहे. आपल्या पुत्राने क्षहरातांचा वंश निर्मूळ केला, असे ती माता त्यात अभिमानाने सांगते. मातेने केलेली पुत्राची स्तुती कोणी किती खरी धरावी? राजघराण्यांच्या प्रशस्तींत अतिशयोक्ती असतेच, असे म्हणून एखादा संशयी पंडित ती सहज बाजूस सारू शकला असता. परंतु जोगलटेंभीच्या नाण्यांनी त्याचे तोंड बंद केले. जिंकलेल्या राजाचे चलन जेत्याने हजारोंच्या संख्येने गोळा करविले व त्यावर आपले नाव उमटवून ते पुन्हा चालविले, हा पुरावा कोणत्याही स्तुतीहून बलवत्तर आहे. शिवाय या ठेव्यात नंतरच्या कोणत्याही राजाचे नाणे नव्हते. यावरून तो त्या विजयानंतर फार काळ न लोटता पुरला गेला असावा, असे अनुमान निघते. नहपानाच्या मुखवट्यांतील वय व चेहरेपट्टी यांचा फरक इतका मोठा आहे की, ही सर्व मुखे एकाच मनुष्याची कशी, असा प्रश्न स्कॉट यांस पडला. हजारो नाणी एकत्र समोर असल्यामुळेच तो प्रश्न पडू शकला. ज्याच्यापाशी नहपानाचे एकच नाणे आहे त्यास तो कधीही पडणार नाही.

आता हाच ठेवा आज निघाला आणि आजच्या रीतीने बाजारात आला, अशी कल्पना करा. पुनर्मुद्रित नाण्यांतील ठळक तेवढी एका लिलावात जातील, नहपानाची देखणी मस्तके दुसऱ्या लिलावात. झिजलेली, फुटकी व ‘कुरूप’ नाणी सोनाराच्या मुशीत पडतील. बत्तीस घरांतील बत्तीस पाकिटांत ‘क्षत्रप, राजाचे मस्तक’ अशा चिठ्ठ्या लागतील, आणि दर दहांत सात हे प्रमाण जगात कोणासही कधी कळणार नाही. नाणी राहतील, पण गौतमीपुत्राचा विजय त्यांतून निघून जाईल.

दुसरे उदाहरण तक्षशिलेचे आहे, व त्याचा एक धागा आपल्या पुण्याशी जुळतो. आपल्या देशातील सर्वांत जुन्या नाण्यांत गणली जाणारी चांदीची आहत नाणी, म्हणजेच कार्षापण, यांवर राजाचे नावही नसते आणि वर्षही नसते. सुमारे बत्तीस गुंजांच्या चांदीच्या तुकड्यावर एका अंगास पाच निरनिराळे ठसे, आणि दुसऱ्या अंगास कधी कोरे, तर कधी लहानलहान खुणा. अशा मुक्या नाण्यांचा कालक्रम लावावयाचा कसा? तक्षशिलेच्या भीर टेकडीत 1924 साली 1,167 नाण्यांचा एक ठेवा निघाला. त्यात अलेक्झांडरची दोन व फिलिप अरिडियसचे एक अशी कोरीकरकरीत नाणी होती, त्यामुळे त्याचा काळ निश्चित झाला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकविणारे दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी तक्षशिलेच्या ठेव्यांतील नाण्यांच्या वजनांचा सांख्यिकी पद्धतीने अभ्यास करून 1941 च्या सुमारास आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चलनात फिरता फिरता नाणे झिजते, आणि मागील अंगावरील खुणा काळाबरोबर वाढत जातात. तेव्हा खुणा जितक्या अधिक तितके सरासरी वजन कमी असावयास हवे, आणि तसेच ते आढळले. आपला तर्क पडताळण्यासाठी त्यांनी त्या काळी चलनात असलेली नाणीही तोलून पाहिली.

या कामी कोसंबींस नाण्यांचे मालक व्हावे लागले नाही. त्यांचे भांडवल म्हणजे एक सूक्ष्म काटा, एक वही आणि विलक्षण चिकाटी. परंतु दोन गोष्टी मात्र त्यांस अवश्य हव्या होत्या. ठेवा अखंड हवा होता, आणि नाणी कोणी घासून ‘सुंदर’ केलेली नसावयास हवी होती. घासलेल्या नाण्याचे वजन हे काळाने केलेल्या झिजेचे माप नव्हे. घरातल्या चिंचेच्या एका गोळ्याने अडीच हजार वर्षांची साक्ष खोटी ठरते, हे आमच्या स्नेह्यांच्या चिरंजिवांस कोणी सांगितले असते, तर त्यांनी त्या नाण्यांस हातही लावला नसता.

दुसऱ्यांस बोल लावण्यापूर्वी स्वतःचे पाप कबूल करणे आम्हांस भाग आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आठवडे बाजारात एका जुन्या भांड्यांच्या विक्रेत्यापाशी आम्हांस एक गाडगे दिसले. त्यात मातीने माखलेली, हत्तीच्या छापाची शेसव्वाशे पोटीनची नाणी होती. आम्ही अधाशासारखे बसलो, त्यांतील चांगली अकरा निवडली, किरकोळ पैसे दिले आणि उरलेली परत गाडग्यात टाकली. गाडगे कोणत्या गावचे, कोणाच्या शेतात निघाले, हे आम्ही विचारलेदेखील नाही. पुढल्या बाजारी गेलो तो गाडगे नव्हते. ती अकरा नाणी आजही आमच्यापाशी आहेत. ती वाचता येतात, पण ती काही सांगत नाहीत, कारण ती सांगू शकली असती ते सर्व आम्ही त्या दिवशी बाजारात सांडून आलो. तेव्हा प्रस्तुत लेखातील कठोर शब्द प्रथम आम्हांसच लागू आहेत, असे वाचकांनी समजावे.

यावर आक्षेप येतील, व ते टाळण्याची आमची इच्छा नाही. पहिला आक्षेप असा की, मग सामान्य माणसाने संग्रह करूच नये काय? काही पंडितांचे मत खरोखरच तसे आहे. नाणी सरकारी संग्रहालयांतच असावीत आणि खाजगी संग्राहक तेवढा चोर, असे ते म्हणतात. हे मत आम्हांस मुळीच मान्य नाही. गिरनारच्या सान्निध्यात जुनागढास वाढलेल्या भगवानलाल इंद्रजींनी क्षत्रपांची नाणी स्वतः जमविली, मुंबईत भाऊ दाजींच्या सहवासात विद्या वाढविली, आणि नाण्यांवरील पितापुत्रांची नावे व शकवर्षे जुळवून पश्चिम क्षत्रपांचा वंशक्रम उभा केला. 1888 साली ते निवर्तले, आणि त्यांचा तो निबंध रॅप्सन यांनी संपादून 1890 साली प्रसिद्ध केला. असे संग्राहक झाले नसते तर आमच्या प्राचीन इतिहासाची कित्येक प्रकरणे कोरीच राहिली असती. पण भगवानलालांनी प्रथम लिपी शिकली आणि मग नाणी घेतली. आजचा संग्राहक प्रथम नाणी घेतो आणि लिपी शिकावयाचे पुढे ढकलतो. आमचे भांडण संग्रहाशी नसून या उलट्या क्रमाशी आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. आम्ही घेतले नाही तर नाणे मुशीत जाईल, आम्ही त्यास वाचवितो, असे संग्राहक म्हणतात. यात तथ्य आहे. पूर्वी कितीतरी ठेवे वितळून त्यांचे तोडेगोठ झाले असतील, त्यांची गणतीच नाही. परंतु गिऱ्हाईक वाढले की माल वाढतो, हा बाजाराचा नियम नाण्यांसही सुटलेला नाही. ज्या पांढरीच्या टेकाडावर पूर्वी गुरे चरत, तेथे धातूशोधक यंत्र घेऊन रात्री खणणारा जो येतो, तो मुशीसाठी येत नाही. तो आमच्या पाकिटांसाठी येतो. मूस एका नाण्याचा नाश करते, पण अशा चोरट्या खणतीने आख्खे स्थळ नासते. ‘कोठून आले’ हे न विचारता घेणाऱ्याने आपण तारणहार आहो असा समज करून घेऊ नये.

तिसऱ्या बाबतीत दोष संग्राहकांचा नसून कायद्याचा आहे, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. जमिनीत पुरलेले दहा रुपयांहून अधिक किमतीचे धन सापडले तर त्याची वर्दी कलेक्टरास द्यावी, असे 1878 च्या निखात निधीच्या कायद्याने ठरविले. पण तोच कायदा असेही सांगतो की, सरकारने तो ठेवा घेतल्यास धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा एवढेच द्यावे. शिशाच्या किंवा पोटीनच्या नाण्यांची धातूची किंमत ती काय! कचेरीत खेटे घालून एवढेच पदरी पडणार असेल, तर शेतकरी वर्दी देण्याऐवजी सराफाकडे वळतो यात नवल नाही. इंग्लंडात 1996 च्या कायद्याने ठेवा सापडणाऱ्यास बाजारभावाप्रमाणे मोबदला देण्याची सोय केली, आणि 1997 पासून सर्वसामान्यांस सापडलेल्या सुट्या वस्तूंची स्थळासह नोंद घेण्याची व्यवस्था सुरू झाली. त्या व्यवस्थेत आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्या राष्ट्राची प्रत्येक गोष्ट अनुकरणीय आहे असे नव्हे. पण प्रामाणिकपणा फायद्याचा केला म्हणजे लोक अधिक प्रामाणिक होतात, एवढा धडा घेण्यास हरकत नसावी. संग्राहकांच्या मंडळांनी लिलावांच्या बातम्या जितक्या आवडीने पसरविल्या, त्याच्या शतांश कळकळीने या सुधारणेची मागणी केली असती, तर आम्ही त्यांस मनापासून धन्यवाद दिले असते.

मग आरंभ करावा तरी कसा? आमचे उत्तर अगदी साधे आहे: पहिले सहा महिने एकही नाणे विकत घेऊ नये. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आणि रिझर्व्ह बँकेच्या नाणेसंग्रहालयात जाऊन डोळ्यांस वळण लावावे. नाशिकजवळ अंजनेरी येथे नाणकशास्त्राची स्वतंत्र संशोधन संस्था आहे. परमेश्वरीलाल गुप्त यांच्यासारख्या विद्वानाने तेथे काम केले, आणि हार्डेकर यांच्यासह त्यांनी केलेला आहत नाण्यांवरील ग्रंथ त्याच संस्थेने 1985 साली प्रसिद्ध केला. असे स्थान घराजवळ असता पोरांस नुसते लिलाव दाखविणे हा करंटेपणा आहे. ब्राह्मी लिपी एका सुटीत शिकता येते. मोडी येणाऱ्या आजोबांस मान देणाऱ्या घरांना हे अवघड वाटू नये.

त्यानंतर एकच मालिका धरावी. नवख्याने पश्चिम क्षत्रपांची चांदीची नाणी घेतली तर उत्तम. नाणे लहानसे, सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. पण त्यावर राजा, त्याचा पिता, दोघांच्या पदव्या, आणि शकाच्या शंभराव्या वर्षानंतरच्या पुष्कळ नाण्यांवर मस्तकामागे वर्षाचा आकडा. त्यात अठ्ठ्याहत्तर मिळविले की इसवी सन हाती येतो. एवढे बोलके नाणे दुसरे क्वचित. निव्वळ हात बसावा म्हणून शिवराई घ्यावी. ती प्राचीन नव्हे, परंतु ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे टाकसाळीगणिक कशी वळणे घेतात, हे पाहता पाहता ठशांचा अभ्यास म्हणजे काय ते कळते. दुर्मिळाच्या नादी मात्र लागू नये. शिवाजी महाराजांचा होन स्वस्तात देतो असे कोणी म्हटले, तर त्यास नमस्कार करून घरची वाट धरावी.

नाणे हाती आले की आधी तोलावे, मग मोजावे, मग वहीत लिहावे: वजन, व्यास, दोन्ही अंगांचे वर्णन, कोणाकडून घेतले, त्याने ते कोठून आले म्हणून सांगितले, आणि तारीख. स्थळ ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही’ असेच लिहावे. कल्पनेने गाव घालणे हे खोटे नाणे पाडण्याहून कमी पाप नव्हे. घासू तर नयेच, आणि मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतही ठेवू नये, कारण कालांतराने ती तांब्यास हिरवे करतात. कागदी पाकिटे बरी. बनावट नाणे ओळखावयाचे तर कडेवर साच्याची शिवण व अंगावर बुडबुड्यांचे खळगे पाहावेत, वजन ताडून पाहावे, आणि एकाच जागी तोच डाग असलेली दोन नाणी दिसली की सावध व्हावे. हाताने पाडलेली दोन नाणी अशी तंतोतंत जुळत नसतात. शंभर वर्षांहून जुने नाणे 1972 च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरते. त्याचा व्यापार करणाऱ्यास परवाना लागतो आणि खाजगी व्यक्तीस ते परदेशी धाडता येत नाही. म्हणून परवाना असलेल्याकडूनच घ्यावे, व पावती वहीस जोडून ठेवावी.

हे सर्व कंटाळवाणे आहे, मुले असे करणार नाहीत, असे कोणी म्हणेल. आमचा अनुभव उलट आहे. त्याच दिवाळीत आम्ही त्या चिरंजिवांपुढे आमच्या अकरा नाण्यांतील एक नाणे, एक काटा व एक कोरी वही ठेवली, आणि गाडग्याची हकीकतही सांगितली. तो बराच वेळ नाण्याकडे पाहत राहिला. मग त्याने विचारले, “काका, उरलेली कुठे गेली असतील?” आमच्यापाशी उत्तर नव्हते. पण किमतीऐवजी हा प्रश्न ज्याच्या मुखी आला, तो आता संग्राहक होण्यास पात्र झाला, असे आम्हांस वाटले.

असो. सुज्ञ पालकांस आमची एवढीच विनंती आहे की, मुलाने नवे नाणे दाखविले म्हणजे ‘केवढ्याला मिळाले’ असे विचारण्यापूर्वी ‘कोठे सापडले’ असे विचारावे. हा प्रश्न घरोघर विचारला जाऊ लागला, तर विक्रेत्यांसही आज ना उद्या त्याचे उत्तर ठेवावे लागेल.